अण्णांच्या घड्याळात सामना संपला होता

किसनअण्णांना मी पहिल्यांदा पळताना पाहिलं ते त्यांच्या मुलीच्या लग्नात. चौथं मंगलाष्टक चालू होतं. भटजींचा सूर नुकताच लागला होता, वऱ्हाड्यांच्या मुठीत अक्षता होत्या, आणि मुलीचा बाप मनगटाकडे बघत होता. "धर्माची पाळी संपली," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि मागची कनात वर करून मांडवाबाहेर पडले. पाण्याच्या चारीचं दार तिथून दोन शेतं लांब होतं. लाऊडस्पीकरवरून शेवटचं 'सावधान' ऐकू आलं तेव्हा अण्णा धर्माचं पाणी बंद करून पोपटचं सोडत होते. तिथूनच त्यांनी मांडवाच्या दिशेनं अक्षता फेकल्या. त्या पोपटच्या कांद्यात पडल्या. त्या वर्षी कांदा चांगला आला, आणि पोपट अजून त्याचं श्रेय अक्षतांना देतो.

व्याही रुसले. अण्णांनी त्यांना समजावलं, "पावणं, लग्न पाच मिनिटं मागंपुढं झालं तर कुणाचं पीक जळत न्हाई."

अण्णा आमच्या पिंपळवंडीच्या चारीवरचे पाटकरी. कालव्याचं पाणी गावात आलं की कोणत्या शेताला किती वाजेपर्यंत, हे ठरवून दार उघडणं-लावणं त्यांचं काम. एका मिनिटावरून भावाभावांत फावडी निघतात, तिथं या माणसानं तीस वर्षं काढली आणि त्यांच्यावर कुणी फावडं उगारलं नाही. कारण त्यांचं घड्याळ. ते उजव्या मनगटावर, तबकडी आतल्या बाजूला करून बांधलेलं असे. रोज सकाळी सातच्या बातम्यांआधीच्या रेडिओच्या टोल्यांशी ते जुळवून घेत. "रेडिओच चुकला तर?" असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, "मग दिल्लीला कळवू."

निवृत्त झाल्यावरही गावानं त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. नवा पाटकरी मोबाइलमध्ये वेळ बघतो, आणि मोबाइलवर कोण विश्वास ठेवणार? भांडण झालं की दोन्ही पार्ट्या अण्णांच्या अंगणात. अण्णा मनगट उलटं करत, आकडा सांगत, भांडण संपे. वर आणखी एक वाक्य असे, आणि ते गावातल्या पोरासोरांनाही पाठ होतं: "पाळी कुणासाठी थांबत न्हाई."

थांबली नाहीच कधी. धर्माला त्याच्या पाळीच्या सुरुवातीलाच विंचू चावला. त्याला उचलून दवाखान्यात नेलं, पाणी तसंच ओढ्याला गेलं. चाळीस मिनिटांनी धर्मा पाय बांधून परत आला आणि म्हणाला, "अण्णा, माझी भरून द्या." अण्णांनी मनगट उलटं केलं. "इंचवाला सांग," म्हणाले.

माझ्याशी त्यांचं वाकडं होतं असं नाही, पण सरळही नव्हतं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवरून. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले: पाण्याच्या टाकीबद्दल, एसटीच्या बंद फेरीबद्दल, शाळेच्या संडासाबद्दल. अण्णा मला 'पत्रकबाई' म्हणायचे. माझं प्रत्येक पत्रक ते उभ्यानं, शेवटपर्यंत वाचायचे आणि परत द्यायचे. "बरं हाय," म्हणायचे, "पण येळ लिव्हली न्हाईस. निषेध किती वाजता सुरू?"

गावात रग्बी आली ती शाळेच्या खेळाच्या सरांमुळे. कुठल्याशा शिबिरातून ते चार बॉल घेऊन आले. कच्च्या पपईच्या आकाराचा तो बॉल मैदानात टाकला की कुठं उडेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसे. मुलांनी तो आठ दिवसांत सोडला आणि क्रिकेटकडे गेली. मुलींनी धरून ठेवला. पोपटची वैशाली त्यांची कप्तान झाली. दहावीतली पोरगी, पण टोमॅटोचे भरलेले क्रेट उचलून उचलून खांदे असे झाले होते, की तिला आडवं यायला गडीही दोनदा विचार करे. गोलाचे खांब रफिकभाईंनी फुकट वेल्डिंग करून दिले. त्यातला एक जरा वाकडा आहे. रफिकभाईंचं म्हणणं, तो सरळच आहे, जमीन वाकडी आहे.

म्हाताऱ्या मंडळींना हा खेळ पटेना. हातातला बॉल पुढं फेकायचाच नाही, मागच्यालाच द्यायचा, आणि तरी पुढं जायचं! पोपट म्हणाला, "हा काय खेळ हाय का? सरळ पुढं द्या न् मोकळे व्हा." मंडळी माना डोलावत होती. तेवढ्यात अण्णा बोलले.

"पोपट, पाणी आधी कुणाला देत्यात? हेडला का टेलला?"

"टेलला. शेवटच्या शेताला."

"का?"

"हेडवाल्यानं आधी घेतलं तर शेवटच्याला उरतच न्हाई."

"मंग? मागच्याला इचारल्याबिगर पुढं जायचं न्हाई, हाच तर कायदा हाय. ह्यांनी आपल्या कालव्यावरनंच उचललाय."

मी आजवर ऐकलेलं रग्बीचं हे सर्वांत चांगलं वर्णन आहे. समाजवादाचंही. त्या दिवसापासून अण्णा रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहू लागले. सात-सात जणींच्या दोन टीम, आणि डावही सात-सात मिनिटांचे. एवढं एकच त्यांना खटकायचं. "सात मिंटात एक वाफा भिजत न्हाई," म्हणायचे.

तालुक्याचा अंतिम सामना जुन्नरच्या मैदानावर होता, आमचा आणि घाटघरचा. नाणेघाटाजवळच्या डोंगरातल्या वस्तीची टीम. पोरी बारीक, दोघींच्या पायात बूटही नाहीत. आमची टीम रफिकभाईंच्या टेम्पोतून गेली आणि टेम्पोत मिरवणुकीचा हलगीवाला आधीच बसवून ठेवला होता. जिंकून येणार हे इतकं ठरलेलं होतं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही बारा, घाटघर दहा. बॉल वैशालीच्या हातात. नियम असा: वेळ संपल्यावरही खेळ संपत नाही, बॉल मैदानाबाहेर गेला की संपतो. म्हणजे वेळ संपेपर्यंत बॉल जपायचा, आणि मग लाथ मारून बाहेर काढायचा. पण वेळ संपायच्या आत बाहेर काढला तर तो समोरच्यांना मिळतो.

वैशाली बॉल छातीशी धरून, मैत्रिणींच्या मध्ये, उत्तम जपत होती. आणि रेषेवरून अण्णांचा आवाज आला. तीस वर्षं चारीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पोचलेला आवाज.

"येळ संपली! हाण भाईर!"

तिनं क्षणाचाही विचार न करता हाणला. सुंदर हाणला. बॉल रेषेबाहेर, कठड्याबाहेर, रसवंतीवाल्याच्या बर्फात. आम्ही नाचू लागलो. हलगी सुरू झाली. पंच मात्र शांतपणे बॉलची वाट बघत होती. आंबेगावकडची एक तरुण मुलगी होती ती. तिनं मनगट दाखवून बोटांनी खूण केली: चाळीस सेकंद बाकी. रसवंतीवाल्यानं बॉल पुसून दिला. घाटघरच्या पोरींनी तो आत टाकला, एकीनं घेतला, मागच्या बिनबुटाच्या पोरीला दिला, आणि ती जी सुटली ती आमच्या रेषेपलीकडे जाऊन बॉल टेकवूनच थांबली. पंधरा-बारा. हलगीवाला बराच वेळ वाजवत राहिला, कारण त्याला नियम माहीत नव्हते.

त्या संध्याकाळी दूध डेअरीवर जे झालं त्याला चर्चा म्हणायची पद्धत आहे.

"मुळात बॉल जपायचाच कशाला?" पोपट म्हणाला. "लांब हाणायचा. उसात. मैदानाच्या मागं ऊस व्हता का न्हाई?"

"ऊस व्हता," रफिकभाई म्हणाले, "पण बाहेर गेला की त्यांनाच मिळतो ना, भाऊ."

"मिळू द्या की! उसात शिरंल कोण? बिबट्या हाय म्हणायचं. पंच जाईल आणायला? अर्धा तास निघतो बगा."

"आणि दुसरा बॉल आणला तर?"

"तोबी उसात."

हा डावपेच सगळ्यांनाच फार आवडला. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या टीमला हे सुचणं शक्य नव्हतं, यावरही एकमत झालं. मग कुणीतरी मूळ प्रश्न विचारला आणि सगळे अण्णांकडे वळले.

"अण्णा, तुमच्या घड्याळात किती झालं व्हतं?"

अण्णांनी मनगट उलटं केलं. खरं तर आता त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण सवय. "सात मिंटं न् वर सहा सेकंद. तवा वरडलो."

झालं. पंच चोर. यावर मतदान घ्यायचीही गरज नव्हती. वैशाली कॅन घेऊन तिथंच उभी होती. ती काहीतरी बोलू लागली तर पोपटनं तिला गप्प केलं. "तुझी चूक न्हाई, बाई. अण्णांचं घड्याळ सांगतंय. आन एक सांगतो. जिथं पंच असले, तिथं माझी पोरगी पाठवायची न्हाई. रविवारची पुण्याची जिल्ह्याच्या टीमची निवड चाचणी रद्द. तिथंबी ह्येच लोक असणार."

वैशालीच्या हातातला कॅन खाली आला. झाकण सुटून घरंगळत गेलं. कुणी उचललं नाही, कारण तोवर सगळे माझ्याकडे बघत होते. "पत्रकबाई, लिव्हा!"

मी लिहिलं. मला लाज वाटायला हवी, पण तेव्हा अभिमान वाटला. 'क्रीडाक्षेत्रातील झोटिंगशाही! पिंपळवंडीच्या लेकींची चाळीस सेकंदं कुणी गिळली?' असा मथळा होता. खाली साक्षीदार म्हणून पहिलं नाव किसनअण्णांचं. पाचशे प्रती दुसऱ्या दिवशी दुपारी छापून आल्या.

प्रती वाटण्याआधी वैशालीचं एखादं ज्वलंत वाक्य घ्यावं म्हणून मी तिच्या शेतावर गेले. ती टोमॅटो भरत होती आणि अण्णा आधीच तिथं उभे होते.

"वैशे, खरं सांग. पंचानं घड्याळ थांबवलं व्हतं?"

"व्हय. घाटघरच्या चार नंबरच्या पायात गोळा आला व्हता. ती पडली तवा पंचानं हात वर करून घड्याळ बंद केलं."

"चालू सामन्यात? आन हे नेमात हाय?"

"हाय, अण्णा. पडलेलं माणूस उठंस्तवर येळ मोजत न्हाईत."

अण्णा मागं न बघता क्रेटवर बसले. क्रेट भरलेला होता. टोमॅटो फुटल्याचा आवाज आम्हा तिघांनाही आला.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"मंग माझं ऐकून हाणला कशाला?"

"तुमी वरडला म्हणून. आमच्या घरात तुमी वरडल्यावर आजवर कुणी इचार केलाय का?"

अण्णांनी धोतराला लागलेला रस बोटानं निपटला. मग माझ्याकडे वळले. "पत्रकबाई, पडलेल्यासाठी घड्याळ थांबवायचं. हे बरोबर का आपलं?"

मी तोंड उघडलं. न्याय, समता, दोन्ही शब्द तयार होते. पण बगलेत पाचशे पत्रकांचा गठ्ठा होता. मी तोंड मिटलं.

त्यांची अडचण मला परत जाताना कळली. पंचाचं बरोबर म्हटलं तर वैशाली पुण्याला जाते. पण मग अण्णांची वेळ एकदा तरी चुकली असं होतं. आणि एकदा चुकली म्हटल्यावर तीस वर्षांच्या पाळ्यांचं काय? गावात प्रत्येकाच्या पोटात जुनं पाणी होतंच. फक्त त्या मनगटाच्या भरवशावर ते दाबलेलं होतं.

सकाळी डेअरीवर रांग होती. अण्णा दूध घालत नाहीत, त्यांच्याकडे म्हैस नाही. तरी ते रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर पुढं गेले आणि काट्यासमोर उभं राहून म्हणाले, "सामना आपुन हरलो. पंचाचं बरोबर व्हतं. येळ मी चुकीची वरडलो."

मग गावानं त्या माणसाला वाचवायचा जो प्रयत्न केला तो मी विसरणार नाही.

"सेल गेला असंल, अण्णा," रफिकभाई हळूच म्हणाले.

"सेल नवा हाय."

"जुन्नरला हवा येगळी. त्यानं घड्याळ पुढं पळतं," पोपट म्हणाला.

"घड्याळ बरोबर हाय. त्याला बोल लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "ते चालत व्हतं. थांबायचं कुटं, हे मीच कधी शिकलो न्हाई."

पोपटनं कॅन खाली ठेवला. "म्हंजे पंच चोर न्हाई?"

"न्हाई."

"आन पोरगी?"

"पोरीनं मोठ्या माणसाचं ऐकलं. तेवढीच तिची चूक."

पोपटनं वैशालीकडे बघितलं, मग अण्णांकडे. "मंग जाऊ दे तिला रविवारी. पण तुमी पुण्याला जायचं न्हाई."

"न्हाई जात," अण्णा म्हणाले.

आणि मग रांगेच्या शेवटून धर्मा बोलला. मी त्याचीच वाट बघत होते, अण्णाही बघत असावेत.

"अण्णा, पडलेल्यासाठी येळ थांबती म्हंता. मंग माझी चाळीस मिंटं?"

अण्णा म्हणाले, "तुझी चाळीस मिंटं बाकी हायेत, धर्मा."

त्यानंतर अर्धा तास दूध कुणी मोजलं नाही. एकाचा बैल चारीत पडला होता. एकाच्या पाळीत त्याच्या बायकोला कळा आल्या होत्या. ते पोरगं आता बारावीला होतं आणि रांगेत उभं राहून स्वतःच्या जन्माची वीस मिनिटं मागत होतं. रफिकभाईंना शेती नाही, तरी त्यांनी वडिलांच्या नावानं पाच मिनिटं लावून घेतली. एकजण पाळीच्या वेळी बांधावर झोपला होता.

"झोप धरायची न्हाई," अण्णा म्हणाले.

"का म्हणून? झोपलेला म्हंजे पडलेलाच माणूस की, राव!"

अण्णांनी विचार केला. "निम्मी धरू," म्हणाले.

ही सगळी मिनिटं पुढं नव्या पाटकऱ्यानं आणि गावानं बसून, भांडून, थोडी थोडी फेडली. अजून फेडतायत. फावडी दोनदाच निघाली. वैशाली पुण्याला गेली आणि राखीव खेळाडूंत निवडली गेली. पोपटच्या मते राखीव म्हणजे आरक्षण, आणि तो दिसेल त्याला तसं सांगतो.

मी पत्रकं जाळणार होते. अण्णांनी गठ्ठा काढून घेतला. "कागद चांगला हाय. मागं कोरं हाय. मागं छाप."

"काय छापू?"

"माझा निषेध."

मी लिहायला बसले, ते समोर बसून ऐकत होते. 'एका ऐतिहासिक चुकीची कबुली' असं मी सुरू केलं.

"ऐतिहासिक काढ. चूक हाय, इतिहास न्हाई."

मी 'अक्षम्य' लिहिलं. "तेबी काढ. माफ करायची का न्हाई ते लोक बगतील." असं करत करत माझी सगळी विशेषणं गेली आणि सहा ओळी उरल्या: सामना कुठं झाला, पंचानं घड्याळ का थांबवलं, मी काय ओरडलो, घाटघर कसं खरं जिंकलं, पंचावर आम्ही काय खोटं बोललो, आणि खाली किसन पाटकरी. पुढची बाजू त्यांनी स्वतः निळ्या पेन्सिलीनं खोडली, पाचशेच्या पाचशे, पट्टी लावून. मी आजवर लिहिलेल्यांत तेच एक पत्रक मला आता लाज न वाटता वाचता येतं, आणि त्यातलं माझं फारसं काही नाही.

नोकरीसाठी मी पुण्याला निघाले तो जुन्नरच्या बाजाराचा दिवस होता. बस सुटायला वेळ होता. खिडकीतून अण्णा दिसले. मिरचीच्या ढिगांमध्ये उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रक देत होते. बहुतेकजण बघत नव्हते. एकानं ते घेतलं, गुंडाळलं आणि त्यात हळद बांधायला निघाला. अण्णा त्याच्या मागं गेले.

"पावणं, आधी वाचा. मंग पुडी बांधा."

"कशाचं हाय?"

"माझं. मी चुकलो त्याचं. गाव कंचं तुमचं?"

"घाटघर."

अण्णांनी त्याचा हात धरून त्याला सावलीत ओढलं. "मंग तर वाचाच. खाली लई वाईट लिव्हलंय माझ्याबद्दल."

"मला निवांत वाचावं लागतं, बाबा. अक्षर लावून."

"वाचा की."

माणसाच्या दोन्ही कोपरांत पिशव्या अडकवलेल्या होत्या. अण्णांनी त्या घेतल्या. एकीत मीठ-तेल, दुसरीत बहुधा पेंड असावी, कारण तिच्यानं त्यांचा खांदा एका बाजूला गेला. माणसानं कागद डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवून मोठ्यानं अक्षरं जुळवू लागला. गर्दी त्यांना दोन्ही बाजूंनी ढकलत होती, एका बाईची शेळी अण्णांच्या पिशवीत तोंड घालत होती, आणि अण्णा एकेका शब्दाला मान हलवत उभे होते.

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली तेव्हा तो माणूस तिसऱ्या ओळीवर होता.